एक तारा दिलात, पण नेमका कोणाला?

अमळनेरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४९, नोकरी जळगावला. रोज रेल्वेने जाऊन-येऊन अडीच तास जातात आणि दोन वर्षांपासून या वेळात त्या ऑडिओबुक ऐकतात, तेही वेळ वाचावा म्हणून दीडपट वेगाने. साठेक पुस्तकं सुरू केली, त्यांतली बावीस अर्ध्यात सोडली. कारण बहुतेक वेळा एकच, निवेदक. कोणी पुटपुटतो, कोणी श्वास न घेता वाचत सुटतो, कोणी उगाच नाटकी. अलीकडे एका कादंबरीत यावलच्या आजीचं पात्र होतं. ‘खान्देशातली बाई, तिच्या तोंडी अहिराणी हवी. निवेदिकेने तिला कोल्हापुरी हेल लावला.’ बाईंनी दुसऱ्याच प्रकरणात पुस्तक बंद केलं, एक तारा दिला आणि ‘हिला पुन्हा काम देऊ नका’ असं लिहून मोकळ्या झाल्या. त्यांची भाची पुण्यात हेच काम करते. ती म्हणाली, ‘आत्या, एका पुस्तकामागे किती राबावं लागतं माहितीये का तुला?’ तेव्हापासून मन खातंय. अभिप्राय काढून टाकू का, असं त्या विचारतात. घरात आणखी दोन गोष्टी आहेत. यजमान म्हणतात, ऐकलं म्हणजे वाचलं नव्हे. आणि ७८ वर्षांच्या सासूबाईंना डोळ्याच्या पडद्याच्या आजारामुळे वाचता येत नाही. त्यांना फोनवर पुस्तक लावून दिलं की दहा मिनिटांत डुलकी लागते, नाहीतर त्या विचारतात, ‘हाऊ कोन शे? कोनासंगे बोली रहायना?’ (हा कोण आहे? कोणाशी बोलतोय?) स्वतःच वाचून रेकॉर्ड करून द्यावं, असं बाईंच्या मनात आहे. जमेल का?

ताई,

आधी त्या यावलच्या आजीचं बघू, कारण सगळी ठिणगी तिथे पडली आहे. तुमचा कान खरा आहे. ‘हाय’, ‘न्हाय’, ‘व्हय’ हे यावलच्या ओट्यावर ऐकू येणारं बोलणं नाही. ‘गावची म्हातारी’ म्हटलं की एकच ठरलेला हेल लावायचा, ही खोड नाटक-मालिकांतून आलेली आहे आणि ती खटकलीच पाहिजे. पण तुमची दुरुस्तीही अर्धीच बरोबर आहे. यावल-रावेर पट्ट्यातली आजी अहिराणी बोलेलच असं कशावरून? तिकडे मुख्यतः लेवा गणबोली, ही वेगळी बोली. तुमच्या अमळनेरकडे ‘माले’, तिकडे ‘मले’. तुमच्याकडचं ‘शे’ तिच्या तोंडी घातलं असतं, तर फैजपूरचा एखादा श्रोता तुमच्यासारखाच चिडला असता. ‘डोळा’चा ‘डोया’ होणं दोन्हीकडे सापडतं, म्हणून बाहेरच्याला सगळं खान्देशी एकच वाटतं. आपणही घाईत तेच करतो, नाही का?

दुसरी गोष्ट, ते संवाद छापील पुस्तकात कसे आहेत हे बघितलंत का? वाचनालयातून प्रत आणा आणि आजीची दोन पानं आवाजाशेजारी ठेवून बघा. निवेदकाला शब्द बदलण्याची मुभा बहुधा नसते, छापलंय तसंच वाचायचं असतं. म्हणजे ‘हाय’ पुस्तकातच असेल तर दोष लेखकाचा किंवा त्याच्या संपादकाचा. पुस्तकात प्रमाण मराठी असेल आणि हेल तेवढा वरून चढवला असेल, तर तो निवेदिकेने स्वतःहून चढवला किंवा ‘जरा गावरान करा’ असं तिला निर्मात्याने सांगितलं. आणि मुळात त्या पुस्तकाला ती निवेदिका कोणी दिली? तिने ते पुस्तक हट्टाने मागून घेतलेलं नसतं. निवड निर्मात्याची किंवा प्रकाशकाची असते, आणि यावलच्या बोलीसाठी यावलच्या माणसाला अर्धा तास फोनवर बसवायचं की नाही, हेही तेच ठरवतात. तुमचा एक तारा या सगळ्यांना वळसा घालून तिच्या एकटीच्या कपाळावर बसला. खरं तर तिच्याही नाही. बऱ्याच ॲपवर तारा पुस्तकाच्या नावावर जमा होतो, म्हणजे ज्याचं लेखन तुम्ही दोनच प्रकरणं ऐकलंत त्या लेखकालाही तो लागला.

भाचीच्या बोलण्यातलं तथ्य हिशेबाने समजून घ्या. मराठीत निवांत वाचन मिनिटाला साधारण ११०-१२० शब्दांचं होतं. सत्तर हजार शब्दांची कादंबरी म्हणजे दहा तासांचा तयार आवाज. त्यातल्या एका तासासाठी सरावलेल्या निवेदकालाही दोन तास माइकसमोर बसावं लागतं, नवख्याला तीन-चार. त्याआधी सगळं पुस्तक एकदा वाचून पात्रं आणि अवघड नावं टिपून ठेवायची. नंतर संपादन, मग कोणीतरी पुस्तक समोर धरून पूर्ण दहा तास ऐकायचं, चुका मांडायच्या, आणि तेवढी वाक्यं पुन्हा वाचायची. या दुरुस्तीच्या वाक्यांना धंद्यात ‘पिकअप’ म्हणतात. मध्येच एखादं वाक्य दुसऱ्या खोलीतून आल्यासारखं का वाटतं याचं उत्तर बहुतेकदा तेच असतं. ते वाक्य महिन्याभराने, वेगळ्या वेळी, माइकपासून चार बोटं लांब बसून वाचलेलं असतं. आणि मानधन सहसा तयार तासांवर मोजतात, बसलेल्या तासांवर नाही.

पण भाचीचं एक पटत नाही. राबली म्हणून चूक सांगायची नाही, हा न्याय स्वयंपाकालाही लागत नाही. पैसे भरून ऐकणाऱ्याने बोलायलाच हवं. फक्त काय बिघडलं ते नेमकं सांगायचं, आणि जो ते सुधारू शकतो त्याला ऐकू जाईल असं सांगायचं.

आता त्या बावीस पुस्तकांकडे वळू. मला शंका आहे की त्यांतल्या निम्म्यांना तुम्ही नाही, तुमच्या गाडीने नापास केलंय.

डब्याची खिडकी उघडी, खाली रुळांची घरघर. ही घरघर खालच्या पट्टीतली असते आणि खालच्या पट्टीतला पुरुषी आवाज तीच आधी गिळते. धरणगाव ते पाळधी जो निवेदक ‘पुटपुटतो’ असं वाटतं, तोच रात्री घरी पंखा बंद करून ऐका. शब्द न् शब्द सुटा येईल. शिवाय हळुवार प्रसंगात चांगला निवेदक आवाज खाली घेतो. शांत खोलीत ती खुबी असते, गाडीत तेवढंच बुडून जातं. मग आपण आवाज वाढवतो, पुढच्या संवादात पात्र ओरडतं, कानठळ्या बसतात आणि निवेदक ‘नाटकी’ ठरतो.

यावर महागडे हेडफोन घ्यायलाच हवेत असं नाही. कानात नीट बसणारं सिलिकॉनचं बोंड असलं तरी बाहेरचा बराच गोंगाट अडतो. इअरफोनबरोबर तीन मापांची बोंडं येतात आणि बहुतेक लोक आधीपासून लावलेलं मधलंच वापरत राहतात. तिन्ही घालून बघा. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागू शकतं. फोनच्या आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं, पण दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. तुमचे सहा दिवसांचे पंधरा तास होतात, म्हणजे गाडीत आवाज जरा चढवलात की तुम्ही रेषेपलीकडे गेलात. आणि फलाटावर, रूळ ओलांडणाऱ्या पुलावर दोन्ही बोंडं बाहेर काढून ठेवा, कथा कितीही रंगात असली तरी.

दीडपट वेगाचं मात्र तुम्ही स्वतःच ओढवून घेतलंय. ‘श्वास न घेता वाचतात’ ही तुमची तक्रार आणि दीडपट वेग, दोन्ही एकाच पत्रात आहेत! बाईने ‘तू आलास?’ आणि ‘उशीर झाला’ यांच्यामध्ये ०.९ सेकंद थांबून जो अबोला धरला, तो तुमच्या कानापर्यंत येताना ०.६ सेकंद झाला. अबोला गेला, राहिली नुसती उलटतपासणी. माहितीची पुस्तकं, अर्थकारण, आरोग्य, चरित्रातला तपशिलाचा भाग दीडपटीने खुशाल ऐका. कथा-कादंबरी एकपटीने, फार तर १.१ ने ऐका. निवेदक खरोखरच रेंगाळणारा असेल तर १.२. त्यापुढे जावंसं वाटलं तर पुस्तकच आवडलेलं नाही, असं समजा.

पुस्तक सोडण्याबद्दल मी तुमच्याइतकीच निर्दयी आहे, पण पद्धत वेगळी सुचवते. पहिल्या प्रकरणावर फैसला करू नका. निवेदकाचंही ते पहिलंच प्रकरण असतं, पात्रं अजून त्याच्या तोंडात बसलेली नसतात, आणि आपल्या कानालाही नवा आवाज रुळायला वीसेक मिनिटं लागतात. सुरुवातीची दहा मिनिटं घरी, शांततेत ऐका. मग सरळ मधल्या एखाद्या प्रकरणावर उडी मारा, जिथे दोघं-तिघं बोलताहेत. कथा कळली नाही तरी चालेल. ‘तो म्हणाला’ न ऐकता कोण बोलतंय ते कळतं का? कळत असेल तर निवेदक कामाचा आहे. त्यासाठी दर पात्राला वेगळा गळा लावायला लागत नाही. एकाचं बोलणं सावकाश, एकाचं तुटक, एवढंही पुरतं. पुरुषाने बाईसाठी बारीक आवाज काढला की हमखास विनोदी होतं. चांगले निवेदक त्या वाटेला जातच नाहीत, ते फक्त धार कमी करतात.

‘नाटकी’ हा शेरा मारण्याआधी आपण काय लावलंय तेही बघा. सरळ वाचन, अभिवाचन (भाव आणून केलेलं वाचन) आणि श्रुतिका (नुसतं ऐकायचं नाटक) या तीन वेगळ्या गोष्टी. आकाशवाणीवर श्रुतिका ऐकत वाढलेल्या माणसाला पावलांचा आवाज, दाराची कडी, पार्श्वसंगीत आवडतं. त्याला सरळ वाचन कोरडं लागतं. ज्याला शब्दच हवेत त्याला श्रुतिका गोंगाट वाटते. मुखपृष्ठाखाली ‘अनेक कलाकार’ किंवा ‘ध्वनिपरिणामांसह’ असं लिहिलेलं असतं आणि आपण ते न वाचता पुढे जातो. ‘संक्षिप्त’ हा शब्दही तिथेच असतो. पाचशे पानांची कादंबरी साडेचार तासांत संपत असेल तर निवेदकाने काही गाळलेलं नाही, ती आवृत्तीच कापलेली आहे.

एका बाबतीत मात्र पहिल्या मिनिटाला बंद केलंत तरी माझी हरकत नाही. यंत्राने तयार केलेला आवाज मराठी वाचतो तेव्हा तो ‘च’ आणि ‘ज’ वर पकडला जातो. आपल्या लिपीत एकच ‘ज’, पण ‘जरा थांब’मधला वेगळा आणि ‘जराजर्जर’मधला वेगळा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले ‘च’ वेगळे. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला ‘झ’ वेगळा. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. यंत्र पाच-सहा वाक्यांत कुठेतरी घसरतं. पुढे ‘इ. स.’ किंवा ‘ता. क.’ आलं की उरलीसुरली शंका फिटते. अशा पुस्तकावर निवेदकाचं नावच दिलेलं नसेल तर अभिप्रायात तेवढंच विचारा: वाचलंय कोणी?

तर अभिप्राय काढू का? काढू नका, बदला. आधी पुस्तक निदान आजीचे सगळे प्रसंग येईपर्यंत ऐका, एकपट वेगाने, घरी. मग चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा: लेखन, वाचन, ध्वनीची प्रत आणि तुम्ही कुठे, किती ऐकलंत. ऑडिबल या ॲपवर एकंदर, सादरीकरण आणि कथा असे तारे वेगळे देता येतात, ते वेगळे द्या. जिथे एकच तारापट्टी आहे तिथे तारे लेखनाला द्या आणि बाकीचं शब्दांत लिहा. साधारण असं:

‘कथा पकड घेते. वाचन स्वच्छ आहे, दम कुठे तुटत नाही. पण आजीचे संवाद (प्रकरण २, आठव्या मिनिटापासून) दक्षिण महाराष्ट्राच्या हेलात आहेत आणि आजी यावलची आहे. छापील पुस्तकात हे संवाद प्रमाण मराठीत आहेत, म्हणजे हेल वाचताना आला. तो नसता तरी चाललं असतं. निर्मात्यांनी पुढच्या वेळी लेवा गणबोली बोलणाऱ्या कोणाला तरी आधी ऐकवून घ्यावं. शांत खोलीत, इअरफोनवर, पूर्ण ऐकलं.’

कंसातला मिनिट आणि छापील पुस्तकाबद्दलचं वाक्य तुम्ही तपासाल तसं बदला. ‘हेल नसता तरी चाललं असतं’ हे वाक्य मात्र ठेवा, कारण त्यात सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. बोली येत नसेल तर शब्द छापलेत तसे, आपल्या साध्या उच्चारात, सावकाश वाचावेत. श्रोता मनातल्या मनात यावल भरून घेतो. चुकीचा हेल लावला की त्याला तेही करता येत नाही. हाच मजकूर प्रकाशकाला ईमेलने पाठवा. ताऱ्यांच्या गर्दीत हरवणारं वाक्य ईमेलमध्ये वाचलं जाण्याची शक्यता जास्त. ‘पुन्हा काम देऊ नका’ हे तेवढं पुसा. ते तुमच्या अखत्यारीतलं नाही, आणि ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांना त्यातून काहीच कळत नाही.

यजमानांशी वाद घालत बसू नका. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्यांनी जे रचलं ते घरच्यांनी ऐकून उतरवून घेतलं म्हणून १९५२ साली पुस्तक झालं. कान आधी आणि कागद नंतर, हे खान्देशात कोणाला समजावून सांगायला नको. तरी यजमानांच्या म्हणण्यात एक दाणा आहे. ऐकताना मागे जाऊन वाक्य पुन्हा बघायचा आपल्याला कंटाळा असतो, वाचताना डोळा आपोआप मागे जातो. म्हणून वंशावळी, तळटिपा, आकडे असलेलं पुस्तक कागदावर वाचा. आणि कानात पुस्तक असताना हातात काय आहे तेही बघा. भरताची वांगी भाजताना, मेथी निवडताना ऐकलेलं लक्षात राहतं. मोबाइलवर मेसेज वाचत ऐकलेलं राहत नाही, कारण दोन्ही काम शब्दांचंच.

आता सासूबाई. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटलेलं वाक्य त्यांचं आहे: ‘हाऊ कोन शे? कोनासंगे बोली रहायना?’ तुम्ही ते लक्ष नसल्याची खूण म्हणून लिहिलंय. मला उलट वाटतं. त्यांच्या पिढीने ऐकलंय भरपूर. श्रावणात लावलेली पोथी ऐकली, रात्री अंगणात बाजेवर गोष्टी ऐकल्या. पण पोथी वाचणारा ओवी वाचून अर्थ सांगतो, समोरच्यांकडे बघतो. गोष्ट सांगणारा ऐकणाऱ्याचा हुंकार आल्याशिवाय पुढे जात नाही. ‘हूं’ थांबला की तो ओळखतो, पोर झोपलं. फोन हुंकाराची वाट बघत नाही. तो बोलतच राहतो, एखाद्या आगाऊ पाहुण्यासारखा. त्यांनी प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही, गोष्ट पुढे गेली, धागा सुटला. धागा सुटल्यावर झोप येणारच.

म्हणून पहिले पंधरा दिवस त्यांना फोनबरोबर एकटं सोडू नका. सात-आठ मिनिटं लावा, थांबवा, विचारा, ‘आते काय व्हई?’ (आता काय होईल?) त्यांना वाटेल ते सांगू द्या, मग पुढचं लावा. असं दिवसातून दोनदा. जेवणानंतर नको, तेव्हा तुम्हालाही डुलकी येते. सकाळी चहानंतर आणि दिवेलागणीला ठीक. ॲपमध्ये झोपेचा टायमर असतो तो दहा मिनिटांवर ठेवा, म्हणजे डोळा लागलाच तर उद्या कुठून सुरू करायचं ते शोधावं लागणार नाही.

कानाची तपासणी करून घ्या, हे पुढे ढकलू नका. उतारवयात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, त, क यांसारखी व्यंजनं धूसर होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ आवाज नुसता वाढवून हे सुटत नाही. कधीकधी कानात साठलेला मळ काढला तरी निम्मं काम होतं. ते डॉक्टरांकडूनच करा, घरी काडी घालू नका. ऐकवताना वेग ०.८५ किंवा ०.९ ठेवा. पार्श्वसंगीत असलेलं पुस्तक टाळा, कारण संगीत नेमकं व्यंजनांवर बसतं. फोनचा स्वतःचा स्पीकर किरटा असतो. फोन स्टीलच्या वाटीत ठेवण्याची युक्ती गाण्याला चालते, बोलणं त्यात घुमतं. साधा पोर्टेबल स्पीकर त्यांच्या समोर, बसल्यावर कानाच्या उंचीला, तीन-चार फुटांवर ठेवा. मागे किंवा फळीवर उंच नको.

छापील वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे, त्यात भारतीय भाषांतली पुस्तकं मिळतात. सभासद होण्यासाठी दृष्टिदोषाचा दाखला लागतो. तो नेत्रतज्ज्ञांच्या पुढच्या भेटीत मागून घ्या, इतर ठिकाणीही उपयोगी पडेल.

आणि हो, तुम्ही वाचून रेकॉर्ड करायला हवंच. पण आधी आठवडाभर नुसतं समोर बसून वाचून दाखवा. त्या कुठे अडतात, कुठे हसतात, कुठला शब्द कळत नाही, हे पेन्सिलीने पानावर खूण करून ठेवा. रेकॉर्डिंगच्या वेळी तीच तुमची संहिता.

खोली कोणती? घर जुन्या धाब्याचं असेल तर मातीच्या भिंतींची आतली खोली उत्तम, ती आवाज परत फेकत नाही. सिमेंटच्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, पत्र्याखाली तर नकोच. घरात सगळं सिमेंटच असेल तर गाद्या-गोधड्यांचं कपाट उघडा आणि त्याच्याकडे तोंड करून बसा. मागच्या दारावर एक जाड गोधडी टाका. टाळी वाजवून बघा. टाळीला शेपूट ऐकू आलं तर अजून एक गोधडी. पंखा, कूलर, फ्रिज बंद. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी कूलर बंद ठेवून वाचणं म्हणजे आजाराला आमंत्रण, त्यामुळे पहाटे पाच ते साडेसहा हीच वेळ. चिमण्या आल्या तर येऊ द्या, घरच्या श्रोत्यांना त्या खटकत नाहीत. फ्रिज बंद केलात तर गाडीची किंवा घराची किल्ली त्यात ठेवा. किल्ली हवी झाली की फ्रिज पुन्हा सुरू करायची आठवण होते, नाहीतर दूध नासतं.

फोन विमान मोडवर. तोंडापासून एक वीत लांब आणि समोर नको, किंचित बाजूला. समोर धरला की प, फ, भ उच्चारताना हवेचा फटका माइकवर बसतो आणि ‘भाकरी’ऐवजी स्फोट ऐकू येतो. पुस्तक हातात धरून पानं उलटू नका. पान संपलं की वाक्य पूर्ण करा, थांबा, पान उलटा, मग बोला. वाचण्याआधी दूध-दही टाळा, घसा चिकट होतो. साधं पाणी घोटघोट घेत राहा, आणि ओठांची चटचट ऐकू यायला लागली तर सफरचंदाची एक फोड खा. व्यावसायिक निवेदकही हेच करतात. चूक झाली तर रेकॉर्डिंग बंद करू नका. एक टाळी वाजवा, वाक्य पहिल्यापासून वाचा. नंतर संगणकावर टाळीच्या जागी लाटेचा उंच सुळका दिसतो, तेवढं कापायचं.

एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वाचू नका. त्यानंतर आवाज बसत नाही, पण लक्ष ढळतं, आणि ते ऐकू येतं. सुरुवातीला अर्धा मिनिट काहीच न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर तेवढ्या नमुन्यावरून मागची घरघर कमी करतं. जास्त कमी करायला गेलात तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, म्हणून हलक्या हाताने. शेवटी एमपी-थ्री, मोनो, ६४ केबीपीएस. तासाला २९ एमबीच्या आसपास जागा लागते, आणि नुसत्या बोलण्याला एवढी प्रत पुरते.

वर्णन छापलंय तसं वाचा आणि संवाद अहिराणीत सांगा. घरात हे चालतं. पण ही फाइल नातेवाइकांच्या ग्रुपवर किंवा यूट्यूबवर टाकू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, ती वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजायची. खासगी वापराला कायदा सूट देतो, वाटपाला नाही. सार्वजनिक करावंसं वाटलंच तर अमळनेरमध्येच शिकवलेल्या साने गुरुजींपासून सुरुवात करा. ते १९५० साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे.

एक मात्र करा. सासूबाईंना समोर बसवून वाचाल त्यातलं एखादं सत्र त्यांना विचारून पूर्ण रेकॉर्ड करा आणि त्यांनी मध्येच विचारलेले प्रश्न, दिलेले हुंकार कापू नका. तीच फाइल, त्यांची हरकत नसेल तर, भाचीला पाठवा. उद्या तिच्यासमोर अहिराणी बोलणारं पात्र आलं तर तिला मालिकेतला हेल आठवावा लागणार नाही. फाइलच्या नावात तारीख घाला आणि ‘अमळनेर, अहिराणी’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘खान्देशी’ लिहू नका.